झालेसीनची साल

१

उपग्रह आमच्या डोक्यावरून गेला की दुसऱ्या दिवसापासून माझी शिव्या खायची वेळ सुरू होते.

माझं काम तसं सोपं आहे. जिल्ह्याच्या वनकचेरीत बसायचं, उपग्रहाने काढलेलं ताजं चित्र पडद्यावर उघडायचं आणि कुठल्या रानातली स्प्रूसची, म्हणजे देवदाराच्या कुळातली, झाडं आजारी पडलीत ते शोधायचं. तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा असतो. तो सालीखाली शिरला की झाड आतून संपायला लागतं, पण वरून कितीतरी दिवस हिरवंगार दिसतं. माणसाला कळत नाही. उपग्रहाला कळतं, कारण आपल्याला न दिसणारा उजेडही त्याला दिसतो. चित्रातला तेवढा चौकोन लाल होतो. मग मी त्या रानाच्या मालकाला नोटीस धाडतो की बाबा, तुझी झाडं गेली, ताबडतोब तोड. मालक खिडकीतून बघतो तर झाडं मजेत वाऱ्यावर डोलतायत. मग तो मला फोन करतो. "विलेमसाहेब, तुमचे डोळे आधी तोडा," असं म्हणणारा माणूस आमच्याकडे सभ्य समजला जातो.

सगळ्यात जास्त शिव्या मला माझ्या आईने घातल्यात. तिचं नाव ब्लाजेना. ती झालेसीनला एकटी राहते, आणि तिच्या घरामागच्या रानातली पाच झाडं मीच लाल केली होती.

"ज्या झाडाखाली तुझा पाळणा बांधला होता ना, ते झाड तोडायला सांगतोस, मेल्या?" ती फोनवर म्हणाली.

"आई, मी सांगत नाही. उपग्रह सांगतो."

"त्याला म्हणावं खाली ये आणि माझ्या तोंडावर सांग."

झालेसीन हे गाव वरून बघण्यासारखं आहे. एकच लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घराच्या मागे घराएवढ्याच रुंदीची शेताची पट्टी. ती पट्टी डोंगर चढत थेट रानाला भिडते. शेकडो वर्षांपूर्वी रान तोडून गाव वसवलं तेव्हा प्रत्येक कुटुंबाला अशी एकेक पट्टी वाटून दिली. तेव्हापासून लोक आपापल्या पट्टीत जन्मतात, आपापल्या पट्टीत खातात आणि शेजारच्या पट्टीकडे बघून जळतात. पट्टी ओलांडून कुणी जात नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी कॉफीचा कप घेऊन बसलो, झालेसीनचं चित्र उघडलं, आणि बघतो तर आईची पट्टी लांब झाली होती. दोन चौकोन. म्हणजे जमिनीवर वीस मीटर. आधी जिथे रान होतं तिथे आता पट्टी होती.

शेजारच्या टेबलावर जार्मिलाबाई बसतात. माझ्याआधीपासून कचेरीत आहेत. त्यांना दाखवलं.

"चित्र सरकलं असेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुझा चष्मा."

"चित्र सरकलं तर सगळंच सरकेल ना? चर्च जागच्या जागी आहे."

"मग चष्मा," जार्मिलाबाई म्हणाल्या आणि सँडविच खायला लागल्या.

२

पुढच्या चित्रात सगळ्याच पट्ट्या लांब झाल्या होत्या.

एकसारख्या नाही. काही जास्त, काही कमी, काही जरा वाकड्या. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. रस्त्यापाशी पट्टी अरुंद, आणि रानाकडे जाईल तशी ती रुंद होत गेलेली. मी लहानपणापासून त्या पट्ट्यांत खेळलोय. त्या फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. कुणाची वीतभर जरी रुंद झाली असती तरी खून पडले असते.

आता आमच्या कचेरीच्या भिंतीवर स्प्रूसच्या सालीचा एक तुकडा टांगलाय, आतली बाजू दिसेल असा. झालेसीनच्या रानाचा वनरक्षक होरिनेक, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याने तो मला वाढदिवसाला दिला. फुकट मिळणारी वस्तू भेट द्यायची ही त्याची जुनी खोड. त्या तुकड्यावर भुंगेऱ्याने कोरलेलं घर आहे. मधोमध किड्यांच्या आईने पोखरलेला एक लांब सरळ रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना तिने अंडी घातलेली. प्रत्येक अंड्यातून निघालेल्या अळीने आडवं खात खात काढलेली स्वतःची वाट. अळी लहान असते तेव्हा वाट अरुंद, ती फुगत जाते तशी वाट रुंद. आणि शेजारणीच्या वाटेत कुणी शिरत नाही.

मी सालीकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. परत सालीकडे बघितलं. कॉफी पँटवर सांडली तेव्हा भानावर आलो.

हे बघा, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी लगेच कागद घेऊन हिशेब मांडला. पट्ट्या रानात का शिरल्या? कारण लोकांनी आपापल्या पट्टीच्या टोकाची झाडं तोडली. का तोडली? कारण मी नोटिसा पाठवल्या. झालं! गावाला रान खायला मीच लावलं होतं, सही-शिक्क्यानिशी. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. जार्मिलाबाईंनी सँडविच बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं.

फक्त एक गोष्ट हिशेबात बसेना. आईला मी पाच झाडांची नोटीस पाठवली होती. ती तिने चूल पेटवायला वापरली हे तिनेच मला सांगितलं होतं.

३

शनिवारी गाडी काढली आणि झालेसीनला गेलो.

गावात शिरायच्या आधीच वास आला. आई बुख्त्या भाजत होती. बुख्ती म्हणजे आलुबुखाराचा मुरंबा भरलेला गोड पाव. आमच्याकडे घरोघरी करतात, पण आईच्या बुख्त्यांचा वास सुटला की गावातली माणसं हातातलं काम टाकून निघतात. तशी ती निघालीही होती. मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खानावळवाला श्पाचेक दारातच उभा होता, कारण तो दारातून आत येईना.

"काय रे विल्डा, वाळलास," तो माझं गावातलं लाडकं नाव घेत म्हणाला. "शहरात बायको जेवायला घालत नाही काय?"

मी वाळलो नव्हतो. ते फुगले होते. सगळेच्या सगळे. श्पाचेक आधीपासून अंगाने भरलेला होता, पण आईची शेजारीण, जिला आम्ही पोरं काडी म्हणायचो, तीसुद्धा दोन खुर्च्यांवर बसली होती. सगळे पांढरेफटक, गुबगुबीत आणि विलक्षण समाधानी. आणि सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लावलेले.

"पडदे कशाला?" मी विचारलं.

"उजेड फार असतो हल्ली बाहेर," आई म्हणाली. "डोळ्यांना टोचतो. खा."

मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, अप्रतिम होती.

माणसं पांगल्यावर मी तिला घेऊन मागच्या दारी गेलो. ती हाताने डोळे झाकून उंबऱ्यातच थांबली. मी एकटा पट्टीवर चढत गेलो. जमीन पायाखाली मऊ लागत होती, खालून कुणीतरी नीट भुसा अंथरून ठेवल्यासारखी. पट्टीच्या टोकाला माझ्या पाळण्याचं झाड नव्हतं. शेजारची चार नव्हती. बुंधेही नव्हते. करवतीचा भुगा नाही, फांद्या नाहीत, ट्रॅक्टरची खूण नाही.

"आई, झाडं कुणी तोडली?"

"कुणी नाही तोडली. मला जरा जागा पुरेना म्हणून..." एवढं म्हणून ती थांबली. आपण काय बोलत होतो ते आठवेना अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मुरंबा घेऊन जा बरं का जाताना."

मी तिचा हात धरला. तो नेहमी खरखरीत असायचा. आता लोण्यासारखा झाला होता.

"आई, माझ्याकडे चल. थोडे दिवस. यितका पण म्हणत होती." यितका माझी बायको. ती असं काही म्हणत नव्हती.

"माझ्या घरात मला काय धाड भरलीये?" आई म्हणाली. "इथे सगळं मिळतं. इथून कशाला हलायचं माणसाने?"

"तू शेवटची गावाबाहेर कधी गेलीस?"

ती बोटांवर मोजत राहिली. बराच वेळ. मग मोजायचं सोडून ओव्हन बघायला आत गेली.

४

परतताना श्पाचेकच्या खानावळीत डोकावलो. भर दुपार होती. होरिनेक कोपऱ्यात बिअर पीत बसला होता. तो शेजारच्या गावात राहतो, म्हणून तेवढा एकटाच नेहमीसारखा हडकुळा. त्याला बघून मला बरं वाटलं.

"तुझ्या रानातली झाडं जातायत कुठे?" मी बसत विचारलं.

"तुझा उपग्रह आहे ना, त्याला विचार. मला पगार खाली बघायचा मिळतो."

"होरिनेक, मस्करी नको. पट्ट्या बघितल्यास?"

"बघितल्या." त्याने आवाज खाली आणला. "मी त्या बाजूला जायचं सोडलंय. कारण विचारू नकोस. गुडघा दुखतो म्हणून लिहून दिलंय साहेबाला."

तेवढ्यात आवाज आला.

ठक्.

लांबून, गावाच्या वरच्या टोकाकडून. मोठा नव्हता. पण टेबलावरच्या बिअरचा फेस थरथरला आणि एका बाजूने खाली बसला. श्पाचेक पेले पुसत होता, तो पुसतच राहिला.

जरा वेळ काही नाही. मग परत, थोडा अलीकडे. ठक्. आणि मग परत, अगदी आमच्या पायांखाली. ह्या वेळचा आवाज पोकळ होता. आत हवा आहे असा.

होरिनेकने मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सवयीने बोलून गेला, "सैल झालीये."

"काय सैल झालीये?"

"साल," तो म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उतरला.

हे कळायला वनरक्षक असायला नको. होरिनेक आयुष्यभर हेच करत आलाय. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर ठोकायचं, एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. घट्ट आवाज आला की झाड ठीक आहे, पुढे जायचं. पोकळ आवाज आला की आत सगळं खाऊन झालंय, साल लाकडापासून सुटली आहे.

"पोकळ आवाज आला की तू काय करतोस?" मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"रंग लावतो. नारंगी ठिपका." त्याने घोट घेतला. "मग थोड्या दिवसांनी तोडणारी पोरं येतात. झाड आडवं करतात नाहीतर जागच्या जागी सोलतात. किडे बाहेर पडून उडायच्या आत सोलावं लागतं, नाहीतर उपयोग नाही."

"मग किड्यांचं काय होतं?"

"मी कधी विचारलं नाही बुवा," होरिनेक म्हणाला. त्याने बिअर अर्धी तशीच ठेवली. शाळेपासून ओळखतो मी त्याला, बिअर टाकून उठताना पहिल्यांदाच बघितला. बाहेर जाऊन सायकलवर बसला आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या मानाने फार जोरात गेला.

"काय झालं ह्याला?" श्पाचेकने विचारलं.

"श्पाचेक, तो आवाज ऐकलास ना?"

"कुठला? तो होय! वरच्या आळीला कुणीतरी खिळे ठोकत असेल. गेला आठवडाभर चाललंय."

५

त्यानंतरचं चित्र आलं तेव्हा मी ते उघडायच्या आधी कॉफी लांब ठेवली.

झालेसीनच्या मधोमध, चर्चपासून आईच्या घरापर्यंत, एक गोल ठिपका होता. नारंगी.

आमच्या नकाशात नारंगी रंगच नाही. हिरवा आहे, लाल आहे, मेलेल्या झाडांचा राखाडी आहे. मी रंगांची यादी दोनदा तपासली. जार्मिलाबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भिंगावर घाण बसली असेल," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. मग हळूच म्हणाल्या, "विलेम, तुझी आई तिथेच राहते ना रे?"

मी आईला फोन लावला.

"आई, तुझ्याकडे काही नारंगी दिसतंय का?"

"अय्या, तुला कसं कळलं? सकाळपासून सगळंच नारंगी आहे. रस्ता, छप्पर, चर्चचा कळस. माझी पांढरी कोंबडीसुद्धा. इतकं छान दिसतंय! श्पाचेक म्हणतो हवामान बदललं."

"आई, आत्ताच्या आत्ता निघ. मी येतोय."

"वेड लागलंय का? ओव्हनमध्ये बुख्त्या आहेत."

मी श्पाचेकला फोन केला. काय सांगावं ते कळेना, म्हणून खरं तेच सांगितलं. "श्पाचेक, गाव सोडा सगळे. कुणीतरी गाव सोलायला येतंय."

"कोण? कर खातं?" तो म्हणाला आणि असा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्याने ते खानावळीतल्या सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. त्या हसण्यात घाबरलेला एकही माणूस नव्हता. सालीखाली किडे किती सुखात असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी धावतच गाडी गाठली. मी पन्नाशीचा माणूस, पण त्या क्षणी मला फक्त माझी आई हवी होती. बाकी गाव, रान, नोकरी, सगळं गेलं खड्ड्यात.

६

आईला घरातून बाहेर काढणं हे सरकारला जमलेलं नाही, पुराला जमलेलं नाही. तिला भीती घालून उपयोग नव्हता. विनवून उपयोग नव्हता. वाटेत मी विचार करकरून एकच उपाय काढला. नीच होता, पण दुसरा नव्हता.

दारातून आत गेलो आणि म्हणालो, "आई, सासूबाई आल्यात आमच्याकडे. त्यांनी काल बुख्त्या केल्या."

आई पीठ मळत होती. हात थांबले.

"बरं मग?"

"काही नाही. पोरं म्हणाली आजीपेक्षा भारी झाल्यात."

तिने हाताचं पीठ झटकलं.

"कोण म्हणालं?"

"दोघंही. यितका पण म्हणाली की तुझ्या जरा कोरड्या असतात."

आईने मळलेलं पीठ परातीसकट उचललं. मुरंब्याच्या बरण्या पिशवीत भरल्या. लाटणं घेतलं. कोंबडी काखेत मारली, कारण अंडी तिच्याच कोंबडीची लागतात. डोक्यावर रुमाल ओढून ती उजेडात डोळे मिचकावत बाहेर आली आणि गाडीत बसली. मला दार उघडायलाही वेळ मिळाला नाही.

"चल," ती म्हणाली. "कोरड्या काय! दाखवते."

गावातून गाडी हाणली. सगळीकडे तो नारंगी उजेड होता. माणसं ओट्यांवर बसून हात हलवत होती, मीही हलवला. शेवटचं घर मागे पडलं आणि गाडी एकदम खाडकन उसळली. रस्त्यात पायरी होती. येताना नव्हती. हातभर उंच, खालचा रस्ता वेगळा आणि वरचा वेगळा. आम्ही वरच्यावरून खालच्यावर पडलो होतो. कोंबडी ओरडली.

"नीट चालव की," आई म्हणाली. "पीठ बसेल."

मी थांबायला नको होतं आणि थांबलोही नाही. पण आरशात नजर गेली. गाव जिथे संपत होतं तिथली डोंगराची कड वर उचलली जात होती. सावकाश, घाई नसलेल्या हाताने उचलावी तशी. कडेला मुळं लोंबत होती, पाण्याचा एक तुटका पाइप लोंबत होता. आणि तिच्या खाली काळोख नव्हता, माती नव्हती. खाली काहीतरी पांढरट, ओलं आणि गुळगुळीत होतं, आणि त्याला ताज्या लाकडाचा वास होता.

उचलणारं कोण होतं ते मला दिसलं नाही. आरसा लहान होता. देवाची कृपा.

"काय बघतोस मागे?" आईने विचारलं.

"काही नाही. ट्रक आहे."

"मग जाऊ दे ना त्याला पुढे," ती म्हणाली आणि पिठात बोट घालून चाखायला लागली.

७

आमचं घर शहराबाहेरच्या नव्या वस्तीत आहे. सासूबाई अर्थातच तिथे नव्हत्या. आईला हे कळायला एक मिनिट लागलं आणि मला ऐकून घ्यायला बराच वेळ. पण पीठ तयार होतं, ते वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. तिने बुख्त्या भाजल्या, खिडकी उघडली, आणि फोन घेऊन बसली. श्पाचेकला म्हणाली की आता ताबडतोब या आणि खाऊन सांगा, कोरड्या आहेत का. शेजारणीला म्हणाली, तू पण ये. सगळ्यांना घेऊन ये.

मी हात जोडून देवाचे आभार मानले. माझं ऐकून जे गाव हसत होतं, ते आईच्या बुख्त्यांसाठी दुपारच्या बसने उठून आलं. अख्खं. म्हातारेकोतारे, श्पाचेक दोन आसनांवर, कुत्रीसुद्धा. बसवाला म्हणाला, गावाच्या टोकाला एवढी उंच पायरी झाली होती की सगळ्यांना उतरवून त्याने गाडी फळीवरून खाली घेतली. कुणी म्हणालं नाही की घाबरलो. सगळे म्हणाले की भूक लागली.

बस संध्याकाळी त्यांना परत न्यायला निघाली तेव्हा चालक आधी एकटा जाऊन रस्ता बघून आला. मी त्याला गाठलं.

"पुढे काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "काही म्हणजे काहीच नाही. स्वच्छ आहे."

पुढच्या चित्रात झालेसीनच्या जागी एक लांब, पांढरी, साफ पट्टी होती. तिच्यावर बारीक रेषा होत्या, मधली एक लांब आणि दोन्ही बाजूंना आखूड. लाकडावर नुसता ठसा राहावा तशा. कचेरीने भूस्खलन म्हणून नोंद केली. जीवितहानी शून्य. जार्मिलाबाईंनी मला त्यांचं अर्धं सँडविच दिलं, त्याहून जास्त त्या कुणासाठी करत नाहीत. वर्तमानपत्रात आईचा फोटो आला, परात हातात घेतलेला. होरिनेकची दुसऱ्या रानात बदली झाली आणि त्याचा गुडघा बरा झाला.

आई वाचली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

झालेसीनच्या लोकांना भरपाई मिळाली आणि त्यांनी आमच्याच रस्त्याला लागून जमिनी घेतल्या. सरळ लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येकाच्या मागे घराएवढी रुंद पट्टी. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने राहताच येत नाही. श्पाचेकने खानावळ काढली. आईने शेजारचं घर घेतलं, आणि तिच्या खिडकीतून सकाळपासून वास सुटतो. हल्ली तो वास लांब जातो. परवा ती मावशीच्या गावाला फोन करून सांगत होती की इकडे या, इथली जमीन मऊ आहे, सगळं मिळतं. मी तिला म्हटलं की आई, बोलावू नकोस सगळ्यांना, दार लावून एकटी राहा जरा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

गेल्या रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला होतो. पँटचं बटण मी आधीच सोडलं होतं, कारण ते हल्ली लागतच नाही. यितकाने उठून पडदे ओढले, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून. मला ते बरं वाटलं. खरं सांगायचं तर इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि मग कॉफी थरथरली.

ठक्.

रस्त्याच्या वरच्या टोकाकडून. पोरं खातच होती. मग परत, अलीकडे. ठक्. माझा घास तोंडात तसाच राहिला. कोंबडी खुर्चीखाली जाऊन बसली.

तिसरा ठोका आमच्या पायांखाली आला.

"कोण आहे बघ रे," आई ओव्हनपाशी वाकून म्हणाली. "आत बोलाव. भरपूर आहेत."

मी उठलो नाही. मान तिरकी केली, डोळे मिटले आणि तो आवाज मनातल्या मनात परत ऐकला. नीट ऐकला. पोकळ नव्हता. घट्ट होता, अजून चांगला घट्ट होता.

"कुणी नाही, आई," मी म्हणालो आणि ताटलीतली आणखी एक बुख्ती घेतली.